एका कॉम्प्युटरची वाटणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र आलं म्हणजे ताईने नमतं घेतलं, असं समजून लगेच बायकोला हाक मारू नकोस. कामाचं पत्र आहे. चार महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस म्हणून लिहावं लागतं आहे, नाहीतर मला अशी काही हौस नाही.

काम असं. दुकानातल्या कॉम्प्युटरमधली जागा संपत आली आहे. तो कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दाखवतो, मी तो बंद करते, तो पुन्हा दाखवतो. दिवसातून दहा वेळा आमचं हे चालतं, आणि सध्या दुकानात माझ्याशी नियमित बोलणारं तेवढंच आहे. शेवटी दुरुस्तीवाल्या बघूसाहेबांना दाखवलं. तू त्यांचं हे नाव ठेवलंस तेव्हा मी तुला रागावले होते, पण काहीही विचारलं की ते आधी ‘बघू’च म्हणतात, त्यामुळे आता माझ्याही तोंडी तेच बसलं आहे. ते म्हणाले, एका कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम आहेत, तुमची जुनी आणि भावाची नवी. भावाची अर्धी डिस्क अडवून बसली आहे आणि ती कोणी वापरत नाही. पुसली की तुम्हाला जागाच जागा.

तेव्हा मी ठरवलं आहे. शनिवारी, एक मार्चला, बघूसाहेब येऊन तुझा अर्धा भाग पुसतील. त्यात तुझं काही असेल तर त्याआधी घेऊन जा. मला तिथलं काही दिसत नाही. माझ्या बाजूने पाहिलं की तुझ्या भागावर नुसतं ‘अनोळखी’ असं येतं. सख्ख्या भावाचा भाग आणि अनोळखी.

बाबा गेल्यावर आपण घराची वाटणी केली नाही, दुकानाची केली नाही. लोक म्हणायचे, बहीण-भाऊ असावेत तर असे. आणि तू एका रविवारी कुलूप उघडून आत आलास आणि एकट्यानेच कॉम्प्युटरची वाटणी करून टाकलीस. निदान एखादा साक्षीदार तरी बोलवायचास.

त्या सोमवारी काय झालं ते तुला माहीत आहे, पण हे पत्र तुझी बायकोही वाचेल आणि तिला माझी बाजू ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. मी नऊला दुकान उघडलं आणि कॉम्प्युटर लावला. काळ्या पडद्यावर दोन ओळींची यादी आली आणि खाली आकडे उलटे पळायला लागले. दहा, नऊ, आठ. आता मला सांग, आकडे उलटे मोजून कधी कोणाचं भलं झालं आहे का? मी हात मागे घेतला. शून्यावर जे उघडलं ते आपलं नव्हतंच. रंग भलताच, माझ्या पाट्या नाहीत, शिक्के नाहीत, कोरायच्या मशीनचा प्रोग्राम नाही. समोर मुख्याध्यापिका बसलेल्या, बक्षिसांच्या चौदा पितळी पाट्या न्यायला आलेल्या. मला वाटलं, बावीस वर्षांचं काम गेलं. तेवढ्यात तू आलास आणि हसत म्हणालास, काही गेलेलं नाही, फक्त खालचा बाण दाबायचा होता. मग थोडी बोलाचाली झाली आणि तू गेलास. एवढंच.

आणि जाता जाता, तुझ्या त्या उद्योगापासून कॉम्प्युटरचं घड्याळही बिघडलं आहे. आज मी नऊला दुकान उघडलं तर त्याच्या मते अजून उजाडायचं होतं. त्याच्या आतला सेल बदलून घेतला. हा दुसरा.

एक मार्च लक्षात ठेव.

ताई


मंगळवार, ११ फेब्रुवारी

धाकट्या,

मागचं पत्र पाठवलं नाही. छापून तुझ्या बायकोच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही दोघं बोला, भांडा, काहीही करा, पण मला मध्ये घालू नका.’ मुलगी शहाणी आहे. तुझ्यात एवढी अक्कल आहे हे लग्न ठरवताना कळलं नव्हतं.

पत्र कॉम्प्युटरच्या पहिल्याच पडद्यावर ठेवलं आहे, हेही त्याच्या शेजारीच ठेवीन. न पाठवायच्या पत्राचा एक मोठा फायदा आहे, त्यात वाट्टेल ते लिहिता येतं. उदाहरणार्थ, तू काम करताना एकाच गाण्याची पहिली ओळ गुणगुणतोस आणि दुसरी तुला येत नाही. हे मी वीस वर्षं सहन केलं. तुला बाबांचं नाक मिळालं, पण त्यांचा धीर मिळाला नाही. तू पितळेवर पॉलिश मारतोस तेव्हा कडा राहतात आणि त्या मी मागाहून पुसते. तुला कधी सांगितलं नाही. घे, आज सांगितलं.

दुकान ठीक चाललं आहे. खरं सांगायचं तर चाललं आहे. डॉक्टरांच्या दारावरची पाटी आजवर अकरा वेळा नव्याने केली. पहिली त्यांना आवडली नाही, दुसरी त्यांच्या बायकोला आवडली नाही, आणि मग मलाच आवडेना. डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या वडिलांच्या पाटीवरचं अक्षर रस्त्यापलीकडून ओळखू यायचं, हे तर कुठल्याही दारावर चालेल.’ मी म्हटलं, भाऊ सध्या रजेवर आहे, तो आला की बघू. रजा हा शब्द कसा तोंडातून गेला कोण जाणे. तुझा एप्रन खुंटीवरच आहे म्हणून तसं सुचलं असेल. तो काढायला मला वेळ झालेला नाही.

बाबांच्या अक्षरांचे खाकी कागद कपाटात आहेत, पण कागद मशीनला कसे खाऊ घालायचे ते मला येत नाही. परवा कपाट उघडलं तर ते सगळे ओळीने लावलेले दिसले, अ पासून. उंदीर इतके नीटनेटके नसतात, तेव्हा मीच लावले असणार. वय झालं की असं होतं.

घड्याळ काल पुन्हा मागे गेलं. आणि त्याने एक माणूस गोत्यात आणला. विमा विकणारे ते गृहस्थ आहेत ना, त्यांनी सकाळी येऊन शिक्का नेला. पावतीवर वेळ छापली गेली पहाटेची. ती त्यांच्या बायकोला खिशात सापडली. आज दोघंही दुकानात हजर. बाई मला विचारतात, पहाटे तुम्ही कसले शिक्के विकता? मी शपथेवर सांगितलं की कॉम्प्युटर खोटं बोलतो. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल. शेवटी मी पावतीवर हाताने वेळ लिहिली आणि खाली दुकानाचा शिक्का मारला, तेव्हा कुठे ते गृहस्थ घरी जाऊ शकले. तिसरा सेल आणला आहे.

संध्याकाळी दुकान वाढवताना मी कॉम्प्युटर बंद करत नाही, त्याला झोपवते. म्हणजे सकाळी अर्धवट पाटी होती तिथेच पुढे उघडते. दिवे सगळे विझतात, वीज काही लागत नाही. सकाळी ती यादी मात्र येतेच. ती आली की मी पाठ फिरवून उभी राहते आणि मनात दहा मोजते. हल्ली तो आपलीच सिस्टीम उघडतो. सुधारला असावा.

ताई


सोमवार, १७ फेब्रुवारी

धाकट्या,

काल आईने पुन्हा विचारलं, ‘अगं, तो जेवायला का येत नाही?’ मी म्हटलं, त्याला मोठ्या छापखान्यात नोकरी लागली आहे, काम असतं. आई म्हणाली, ‘काम मलाही होतं, मी जेवत होते.’ मग जेवण झाल्यावर तिने तुझं ताट घासून पुन्हा जागेवर ठेवलं. ते वापरलेलं नसतं, तरी घासते.

म्हणून आज खरं लिहिते. पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे.

त्या सोमवारी ‘थोडी बोलाचाली’ झाली असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ती बोलाचाली नव्हती, कारण तू काहीच बोलला नाहीस. मीच बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुख्याध्यापिकांच्या देखत मी म्हटलं, ‘बाबांच्या दुकानात तुझं आहेच काय?’ तू एप्रन काढलास, घडी न करता खुंटीवर टांगलास आणि गेलास. मुख्याध्यापिका भिंतीवरच्या पाट्या वाचत बसल्या. अशा वेळी लोक काय काय वाचतात.

आणि आणखी एक. त्या दिवशी अकराच्या सुमारास मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला आणि डोळे मिटून खालचा बाण दाबला. सगळं होतं. एकही पाटी गेली नव्हती. तू सांगितलं होतंस तसंच होतं. तुझं घर दुकानापासून सात मिनिटांवर आहे. मी गेले नाही. मला वाटलं, मोठी मी आहे, त्याने यावं. संध्याकाळी वाटलं, उद्या येईल. मग आठवडा झाला आणि पुढे जायला कारणच राहिलं नाही.

तुला राग कशाचा आला ते मला ठाऊक आहे. मला राग कशाचा आला ते मात्र आज लिहिताना कळतं आहे. डिस्कचा नव्हता. तू मला विचारलं नाहीस याचा होता. बाबा गेल्यापासून दुकानात मला न विचारता खिळासुद्धा ठोकला जात नव्हता, आणि तेच मला टिकवायचं होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आपल्यात तलवार एकच होती, ती मी. तू तर म्यान होतास, बिचारा.

हे फारच झालं. उद्या पुसून टाकीन.

घड्याळ आज पुन्हा मागे.

ताई


बुधवार, १९ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

मी हात धुवून, केस नीट करून हे पत्र लिहिते आहे, कारण मला आत्ताच कळलं आहे की हे वाचलं जातं.

आज बघूसाहेब आले होते. मी चौथ्या सेलची मागणी केली. ते म्हणाले, बघू, आणि चक्क बघितलं. मग त्यांनी विचारलं, घड्याळ रोज चुकतं की ठरावीक दिवशी? मी आठवून पाहिलं. सोमवारी. दर सोमवारी. तेव्हा त्यांनी समजावलं की भावाची सिस्टीम घड्याळात जगाची ठरलेली वेळ लिहून ठेवते आणि माझी त्याच घड्याळाला इथली वेळ समजते. म्हणून त्याची सिस्टीम उघडून गेल्यावर माझ्याकडे काही तास कमी दिसतात. ‘सेल चांगले आहेत हो ताई,’ ते म्हणाले. ‘रविवारी कोणीतरी इथे बसतं.’

मी शेजारच्या चष्मेवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘दर रविवारी दहा ते दोन येतो की. मला वाटलं, तुम्हीच बोलावता.’ चार महिने. सगळ्या गल्लीला ठाऊक. म्हणजे कपाट लावणारा उंदीर तूच, आणि यादीत माझी ओळ वर नेऊन ठेवणाराही तूच.

खरा बाँब पुढे आहे. मी बघूसाहेबांना सहज म्हटलं, मला जसं त्याचं काही दिसत नाही तसं त्यालाही माझं दिसत नसेल. ते हसले. म्हणाले, नाही, त्याच्या बाजूने तुमचं सगळं दिसतं. फोटो, पाट्या, पत्रं. भिंतीला कान असतात एवढं ऐकून होते. डोळेही असतात हे आज समजलं.

तेव्हा खुलासा. पॉलिशच्या कडांबद्दलचं वाक्य मी मागे घेते. अक्कल आणि लग्नाबद्दलचंही, तुझ्या बायकोला दाखवलं नसशील तर. गाण्याबद्दलचं मागे घेत नाही, ते खरंच आहे. सोमवारच्या पत्राबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते तू अजून वाचलं नसशील, रविवार यायचा आहे, आणि ते पुसायला मला हवा तेवढा वेळ आहे.

पुसलं नाही. तीनदा पुसायला गेले.

आता ऐक. तू इतके रविवार येऊन माझं वाचून गेलास आणि एक ओळ लिहिली नाहीस. चोराने निदान काहीतरी सांडून जावं. माझी एक अट आहे. फोन नको, चिठ्ठी नको, चष्मेवाल्यांमार्फत निरोप नको. ज्या खिडकीतून डोकावलास तिथूनच उत्तर दे. माझ्या पडद्यावर, माझ्या पत्रांशेजारी ठेव. सोमवारी मी बघेन.

आपली नम्र,
ताई


सोमवार, २४ फेब्रुवारी

धाकट्या,

घड्याळ मागे आहे. म्हणजे काल तू आलास.

पडद्यावर माझीच पत्रं आहेत, तुझं काही नाही. मी एकेक चौकट उघडून पाहिली. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा पाहिलं.

बरं. मी तुझी माफी कधी मागितली नव्हती, आणि मागितली ती अशी, की जी तू वाचायची नव्हतीच. तू वाचलीस आणि कुलूप लावून गेलास. सात मिनिटांचं अंतर तुलाही चालता आलं असतं, अट माझी असली म्हणून काय झालं. पण नाही, तू कधी नव्हे ते ताईचं ऐकणार, आणि ऐकून गप्प बसणार.

एक मार्च ठरलेला आहे. बघूसाहेबांना सकाळी फोन केला. ते बघू म्हणाले नाहीत, येतो म्हणाले.

ताई


शनिवार, १ मार्च

धाकट्या,

बघूसाहेब दहाला आले. सोबत त्यांचा पेनड्राइव्ह होता, कॉम्प्युटरला टोचायचा. मी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली आणि स्वतः मुद्दाम पाट्यांना पॉलिश मारत बसले, कारण मला ते बघायचं नव्हतं. पडद्यावर डिस्कची लांब पट्टी आली, अर्धी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. त्यांनी तुझ्या अर्ध्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘नक्की ना? मग परत येत नाही.’

मी म्हटलं, नक्की. आवाज बरा निघाला.

तुझा भाग पुसून माझ्या भागाला जोडायला त्यांनी काहीतरी दाबलं आणि कॉम्प्युटरने नकार दिला. त्यांनी पुन्हा दाबलं, त्याने पुन्हा नकार दिला. मला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. बघूसाहेब पडद्याजवळ नाक नेऊन वाचत राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

‘ताई, तुम्ही हा कधी पूर्ण बंदच करत नाही का?’

मी म्हटलं, झोपवते. त्यात काय झालं?

झालं असं की, झोपलेल्या सिस्टीमचा पसारा तसाच मांडलेला असतो. ती उठून पुढे काम करणार असते, म्हणून दुसऱ्या कोणाला ती त्यात हात घालू देत नाही. बघू देते, लिहू देत नाही. मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, म्हणजे समजा, भावाच्या बाजूने कोणाला माझ्या पडद्यावर एखादी ओळ ठेवायची असती तर? ते म्हणाले, ‘कशी ठेवेल? दार तर तुम्हीच ओढून घेऊन जाता. काचेतून बघेल फार तर.’

चार महिने, दर शनिवारी संध्याकाळी, मी माझ्या हाताने ते दार ओढून घेत होते. आणि सोमवारी येऊन विचारत होते, आत का आला नाहीस.

मी बघूसाहेबांना म्हटलं, आज राहू द्या. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, आज दिवस चांगला नाही. त्यांनी तर दोन दिवसांची कामं पुढे ढकलली होती, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून पेनड्राइव्ह काढला. जाताना एवढं म्हणाले की जागेचंच दुखणं असेल तर तुम्ही एकदा आपला भाग आवरा, त्यात डॉक्टर फार झालेत.

आता सहा वाजले आहेत. अर्धवट पाट्या सगळ्या पूर्ण करून ठेवल्या. हे पत्र ठेवते आणि आज पहिल्यांदा, झोपवत नाही, पूर्ण बंद करते. कसं करायचं ते बघूसाहेबांनी कागदावर लिहून दिलं आहे.

उद्या रविवार आहे. मी दुकानाकडे फिरकणार नाही. चष्मेवाल्यांनाही बजावलं आहे की तुझ्याकडे बघायचं नाही. त्यांना ते जमेल असं वाटत नाही.

ताई


सोमवार, ३ मार्च, सकाळी

धाकट्या,

घड्याळ बरोबर आहे.

नऊ वाजून चार मिनिटं झाली आहेत आणि कॉम्प्युटरही नऊ वाजून चार मिनिटंच म्हणतो. मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, हातातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, चष्मेवाल्यांना विचारायला जाणार होते पण ते अजून उघडायचे आहेत.

म्हणजे तू आला नाहीस. इतके रविवार आलास आणि नेमक्या या रविवारी नाही. शुक्रवारपर्यंत मी पुसणार म्हणत होते, तेव्हा तुझंही मन उडालं असेल. माझंच चुकलं. एक मार्च, एक मार्च असा घोशा लावल्यावर माणूस दोन मार्चला कशाला येईल? त्याला वाटणार, पुसलंच असेल. हे साधं माझ्या डोक्यात आलं नाही. बाहेरून यादीत दोन्ही ओळी दिसल्या असत्या, पण त्यासाठी आधी यावं लागतं.

इतके सेल फुकट घालवून जे घड्याळ मी दुरुस्त करू पाहत होते, ते आज बरोबर आहे, आणि मला ते फोडावंसं वाटतं आहे. मी काल दिवसभर घरात बसून होते. आईने दोनदा विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, उद्या सांगते. आता काय सांगू? हे पत्र मी कुठे ठेवू हेही कळत नाही, आधीच पडद्यावर सात झाली आहेत.

सात कशी?

मी सहाच लिहिली आहेत. हे सातवं, अजून ठेवलेलं नाही. पण पडद्यावर सात आहेत.

थांब.


त्याच दिवशी, दुपारी एक वाजता

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली, तरी इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हटलं की असं काही नव्हतंच, तर पुरावा राहील.

‘ताई, घड्याळ नीट केलं आहे, तुझ्यासारखंच इथल्या वेळेवर लावलं आहे. आता सेल आणू नकोस. जागा माझ्यामुळे भरलेली नाही, डॉक्टरांची एक पाटी तू अकरा वेळा ठेवली आहेस आणि प्रत्येकीचं नाव “शेवटची” आहे. यादी आली की खालचा बाण एकदा दाब आणि मग एंटर. पाठ फिरवू नकोस. परवलीचा शब्द इंग्रजी अक्षरांत, सलग, जागा न सोडता: ताईला विचारून.’

मी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा लावला आणि यादीसमोर उभी राहिले. आकडे पळायला लागले. आठवर हात पुढे केला, सहावर बाण दाबला. आकडे थांबले. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, की बाण दाबला की मोजणी थांबते आणि मग हवा तेवढा वेळ मिळतो. मी चार महिने ज्याला पाठ दाखवत होते ते एका बोटाने थांबत होतं.

परवलीचा शब्द टाकताना मला हसू आलं आणि मग दुसरंही काही आलं, त्यामुळे तो तीनदा चुकला.

हे पत्र मी तुझ्या बाजूने लिहिते आहे. इथे मराठी टंकायची सोय माझ्या सवयीची आहे. तू तर वेगळ्या पद्धतीने टंकतोस, माझ्या पद्धतीला तू कायम नावं ठेवलीस. मग ही तिथे कोणासाठी करून ठेवली होतीस? तारीख बघितली. ज्या रविवारी तू हे सगळं बसवलंस त्याच रविवारची आहे. भांडणाच्या आदल्या दिवसाची. मला वाटलं होतं तू अर्धा भाग तुझ्यासाठी काढलास.

‘ताई’ नावाची चौकट उघडली. वीस पत्रं. दर रविवारचं एक. पहिल्यात एकच ओळ आहे, की तुझी ओळ वर नेली आहे, आता काही न करता तुझंच उघडेल. माझ्या प्रत्येक पत्राला तू उत्तर लिहिलेलं आहेस, वाचलंस त्याच रविवारी, आणि ते माझ्या बाजूला ठेवायचा प्रयत्न केलेला आहेस. मागच्या रविवारी सात वेळा. पॉलिशच्या कडांबद्दल तुझं म्हणणं असं की तू त्या मुद्दाम सोडायचास, कारण त्या पुसताना मी खूश दिसायचे. हे मी मान्य करत नाही. आणि त्या सोमवारच्या वाक्याबद्दल तू लिहिलंस, ‘विसरलो असं म्हणणार नाही. पण मीही विचारलं नव्हतं. दोन्ही खरं आहे.’

मग दुसरी चौकट उघडली. बाबांची अक्षरं. प्रत्येक खाकी कागद, प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, तो त्यांचा पोट पुढे काढलेला ‘क’, सगळं तू रेषेरेषेने काढून ठेवलं आहेस. चार महिने, दर रविवारी दहा ते दोन. शेजारी लिहिलं आहेस, ‘ताईच्या मशीनला चालेल असं.’ ज्या दुकानात तुझं काही नाही असं मी म्हटलं, त्या दुकानासाठी. आणि परवा सकाळी दहाला बघूसाहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि मी ‘नक्की’ म्हटलं होतं. एका झोपेच्या सवयीने ते वाचलं. हे तुला सांगायला नको होतं, पण आता मी काही लपवून लिहायचं बंद केलं आहे. तसंही तुला सगळं दिसतंच.

माफ कर. हे इथे तुझ्या बाजूला लिहिते आहे, म्हणजे माझ्या बाजूने कोणाला पुसता येणार नाही, मलासुद्धा.

दुकानात डॉक्टर येऊन बसले आहेत. बारावी पाटी बघायला. मी त्यांना म्हटलं, भावाची रजा संपली. त्यांनी विचारलं, कधी येणार? मी म्हटलं, छापखान्यातून सुटला की. हे मी तुला न विचारता सांगितलं, त्याबद्दल तू माझ्यावर रागावू शकतोस. एप्रन धुवून वाळत घातला आहे. आईला फोन केला, ती म्हणाली, ताट तयारच आहे.

आता एकच अडचण आहे. मला माझ्या बाजूला जाऊन डॉक्टरांची पाटी उघडायची आहे, पण तुझी ही सिस्टीम बंद कशी करायची ते सापडत नाही. कोपऱ्यात एक खूण दिसते आहे, ती तीच असावी. मी ती दाबलेली नाही. चालूच ठेवते आहे. अट मागे घेतली, चष्मेवाल्यांमार्फत निरोपही धाडला आहे. तू दारातून ये आणि बंद कर.

तुझी ताई